डिझेल गेलं, मायक्रॉन राहिला

वर्गात एकाच नावाचे तिघं असले की गावावरून हाक मारायची, ही आयटीआयची जुनी पद्धत. तसं या गड्याचं नाव आमच्याकडे 'बार्शी' पडलं आणि पंचवीस वर्षं तेच टिकलं. मशिनिस्ट ट्रेडची 1997 ते 1999 ची बॅच. मी आता निवृत्त आहे, पण रविवारी सकाळी कुणी ना कुणी जुना विद्यार्थी घरी येतोच. पूर्वी लग्नाच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका यायच्या. 2020 पासून पत्रिका कमी झाल्या आणि बायोडेटा वाढले.

बार्शी आला 2 एप्रिल 2023 ला. हातात प्लास्टिकचं फोल्डर. चहा येईपर्यंत गावाकडच्या पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. मग म्हणाला, "सर, परवा शेवटचं पंचिंग केलं."

वय त्रेचाळीस. भोसरीतल्या एकाच कारखान्यात जून 2003 ते मार्च 2023. हेल्पर सेटर म्हणून लागला, लाइन इन्स्पेक्टर झाला, शेवटची सात वर्षं सीनिअर इन्स्पेक्टर. दुसरी नोकरी मिळायला साडेपाच महिने लागले. त्यात कंपनी चुकली, तो चुकला आणि मीही चुकलो. त्याच्या परवानगीनं लिहितोय. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

लाइन का बंद पडली

त्याची लाइन डिझेल इंजेक्टरच्या सुट्या भागांची. नीडल आणि तिची बॉडी यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट ठेवायची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, यावरून अंदाज घ्या. फट जास्त झाली तर डिझेल गळतं, कमी झाली तर नीडल अडकते. असा भाग आठ तास तपासत बसणं म्हणजे डोळ्यांचं आणि धीराचं काम.

2012 च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावात लिटरमागे तीसेक रुपयांचा फरक होता. लोक डिझेल गाड्यांवर तुटून पडले होते. देशात विकल्या जाणाऱ्या कार-जीपपैकी निम्म्याच्या आसपास डिझेलवरच्या असत. बार्शीचा ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, तेव्हा पगाराला भिडायचा. मोशीचा वन बीएचके त्यानं त्याच दिवसांत बुक केला. ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारनं डिझेलचा भाव बाजारावर सोडला आणि फरक आटत गेला. 1 एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या धुरावरचे बीएस-6 नियम आले. मारुतीनं तर त्याच मुहूर्तावर डिझेल गाड्या बनवणं थांबवलं. उरलेलं काम 1 एप्रिल 2023 नं केलं. त्या दिवसापासून गाडीचा धूर नुसता प्रयोगशाळेत मोजून भागेना, प्रत्यक्ष रस्त्यावर चालतानाही मर्यादेत असावा लागला. मोठ्या गाडीच्या किमतीत त्याचा खर्च मुरतो. छोट्या डिझेल इंजिनावर तो बसवणं परवडेना, म्हणून एकेका कंपनीनं छोटी डिझेल मॉडेलं यादीतून काढली.

म्हणजे ही तारीख अचानक आलेली नव्हती. बीएस-6 दोन टप्प्यांत येणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. मी विचारलं, "तुला कधी कळलं?" म्हणाला, "सर, कॅन्टीनमध्ये दोन वर्षं बोलणं चालू होतं. पण ऑर्डर येत होत्या ना." शॉपफ्लोअरवरचा माणूस बाजार ओळखतो तो रॅकवर पडलेल्या मालावरून. रॅक भरलेला असेपर्यंत कायद्याचं राजपत्र कोण वाचतो?

सहीचं प्रकरण

फोल्डरमध्ये वरचाच कागद राजीनाम्याचा होता. 'वैयक्तिक कारणास्तव', खाली त्याची सही, तारीख 27 मार्च. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो.

झालं होतं असं. एचआरनं सहा जणांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं. लाइन बंद होतेय, तुमची काही चूक नाही, कंपनीला वाईट वाटतंय. राजीनामा दिलात तर तीन महिन्यांचा पगार जादा आणि अनुभवाचं पत्र छान. नाही दिलात तर कंपनीला काढावं लागेल आणि मग पुढच्या ठिकाणी तेच दिसेल. कागद टाइप करून तयार होता. पेन टेबलावर.

तेव्हा लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 25-एफ होतं. किमान एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यायचा. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात; त्यामुळे याची एकोणीस वर्षं दहा महिने म्हणजे वीस वर्षं. पगारपत्रकावर 41,000. निम्मे 20,500, गुणिले वीस, म्हणजे ढोबळ चार लाख दहा हजार. नोटिशीचे एकेचाळीस वेगळे. हाती आले एक लाख तेवीस हजार, कारण कागदावर त्याला कुणी काढलंच नव्हतं, तोच घरगुती कारणानं गेला होता.

"पण सर, मी सीनिअर होतो. कामगार थोडाच?" हा गैरसमज जवळपास प्रत्येक सुपरवायझर, सीनिअर, असिस्टंटच्या डोक्यात असतो आणि कंपन्या तो दूर करायला जात नाहीत. हुद्दा काय लिहिलाय त्यापेक्षा दिवसभर काम काय करतो, हे कोर्ट बघतं. याच्या हाताखाली एकही माणूस नव्हता. कुणाची रजा मंजूर करत नव्हता. दिवसभर गेज हातात. मी त्याला एका कामगार वकिलाकडे पाठवलं. वकील म्हणाले, दबाव होता हे सिद्ध करावं लागेल, साक्षीला उरलेल्या पाचांपैकी कोण येतो बघा. कुणी आलं नाही. तेही नोकरी शोधतच होते आणि सगळ्यांना ते छान पत्र हवं होतं.

नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात भरपाई तर आहेच, शिवाय कमी केलेल्या कामगारासाठी मालकानं पंधरा दिवसांचा पगार कौशल्य-निधीत भरायचा आणि तो कामगाराच्या खात्यात जायचा, अशी तरतूद आहे. ही तरतूदही कामगार कपातीला आहे. केबिनमध्ये लिहून घेतलेल्या राजीनाम्याला ती उपयोगी पडत नाही.

कालनिर्णयच्या मागचं पान

पहिल्या रविवारी मी त्याला बायोडेटाचं काही सांगितलं नाही. घरचा हिशेब मागितला. पुढच्या रविवारी तो बायकोला घेऊन आला आणि तिनं पर्समधून मार्च महिन्याचं कालनिर्णयचं फाडलेलं पान काढलं. मागच्या कोऱ्या-अर्ध्या जागेत पेन्सिलीनं लिहिलेलं: हप्ता 14,200, किराणा-दूध-भाजी 9,000, शाळा-क्लास 7,500, लाइट-गॅस-मोबाइल 3,300, पेट्रोल 2,000, आई 3,000, विमा 1,500. बेरीज 40,500. खाली दोन रेघा.

"आई" या आकड्यापुढे बार्शीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि बायकोनं ते खोडलं होतं. तिथं कुणी काही बोललं नाही, मीही पुढं सरकलो.

मुलाचा क्लास थांबवला, बारावीतल्या मुलीचा ठेवला. इकडून तिकडून कापून साडेचौतीस हजारांवर आलं. बायको ब्लाउज शिवायची. तिनं पिको-फॉलचं काम वाढवून आठ-साडेआठ हजार आणायचं ठरवलं. उरला खड्डा महिना सव्वीस हजारांचा. हातात तीन महिन्यांचा जादा पगार, आणि येणं होती ग्रॅच्युइटी. तिचं तेव्हाचं गणित सरळ होतं: शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. याचा बेसिक-डीए 18,500, म्हणून 2,13,462. दोन्ही मिळून 3,36,462. भागिले सव्वीस हजार. जवळजवळ तेरा महिने.

तेरा हा आकडा ऐकून बाई पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसल्या.

हा हिशेब मी हट्टानं आधी करून घेतो, कारण किती महिने निघतील हे माहीत नसलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात मिळेल ती नोकरी धरतो. बार्शीला चाकणला ठेकेदाराकडे सोळा हजारांवर लगेच काम मिळत होतं. बारा तासांची ड्यूटी, सहा महिन्यांनी ब्रेक. तेरा महिने हातात आहेत म्हटल्यावर त्याला नाही म्हणता आलं.

ग्रॅच्युइटी तीस दिवसांत मिळायला हवी, उशीर झाला तर व्याजासह. ती एकाहत्तराव्या दिवशी आली, बिनव्याजी. प्रॉव्हिडंट फंडाचा मोह वेगळाच. तेव्हाच्या नियमानं महिनाभर बेकार राहिलं की पंचाहत्तर टक्के काढता येत होते आणि दोन महिन्यांनी सगळे. निगडीतल्या एका एजंटानं त्याला गाठलं: "फंड तर काढतोच, पेन्शनचेही काढून देतो, दहा टक्के माझे." दहा वर्षांच्या वर नोकरी झालेल्याला पेन्शन फंडातली रक्कम अशी उचलून मिळतच नाही, त्याचं सर्टिफिकेट मिळतं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शन. एजंटाला हे माहीत असणार. त्याला फक्त आधार, ओटीपी आणि दोन हजार ॲडव्हान्स हवा होता. फंडाला हात लावायचा नाही, हे बाईंनी ठरवलं आणि शेवटपर्यंत लावू दिला नाही.

एप्रिल ते जुलै

या चार महिन्यांत सांगण्यासारखं फार घडलं नाही. चूक नेमकी तिथंच होती.

झेरॉक्सच्या दुकानात तीनशे रुपये देऊन त्यानं बायोडेटा करून घेतला. चार पानं. वर फोटो, पहिली ओळ 'चॅलेंजिंग पोझिशन इन अ रेप्युटेड ऑर्गनायझेशन', शेवटी वडिलांचं नाव, धर्म, छंद: क्रिकेट बघणे. मधल्या तीन पानांत वीस वर्षांचं काम एका वाक्यात: 'रिस्पॉन्सिबल फॉर क्वालिटी'. मी ते दोन पानांवर आणलं, छंद काढले, स्पेलिंगं दुरुस्त केली आणि स्वतःवर खूश झालो. खरी दुरुस्ती झालीच नव्हती, हे मला जुलैअखेरीस कळलं.

नोकरी डॉट कॉमवर तो रोज एकच शब्द टाकत होता: 'सीनिअर क्वालिटी इन्स्पेक्टर, ऑटो, पुणे'. चौसष्ट ठिकाणी अर्ज. बहुतेक ठिकाणी डिप्लोमा किंवा बीई हवा आणि अनुभव तीन ते आठ वर्षं. आयटीआय आणि वीस वर्षं टाकली की संगणकच बाजूला काढत असणार, माणसापर्यंत कागद जातच नसावा. फोन आले सात. त्यातल्या एकानं रांजणगावला बोलावून दोन तास बसवलं आणि म्हटलं, "काका, एवढ्या पगारात आम्हाला दोन ट्रेनी येतात." काका शब्दाचं त्याला पगारापेक्षा जास्त लागलं.

जूनमध्ये एक 'ऑफर लेटर' आलं. मोठ्या कंपनीचं चिन्ह, खाली जीमेलचा पत्ता, मेडिकल आणि युनिफॉर्मसाठी 3,500 भरा. त्यानं भरले. मला नंतर सांगितलं, तेही बायकोला न सांगण्याच्या अटीवर. वीस वर्षं खोटा भाग पकडणारा माणूस इथं कसा फसला, असं वाटेल. पण नोकरी शोधताना माणूस तपासायला बसलेला नसतो, आपण पास व्हावं म्हणून उभा असतो. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. कन्सल्टंटला द्यायचे तर ती स्वतः देते. सायबर पोलिसांच्या 1930 क्रमांकावर तक्रार केली. पैसे परत आले नाहीत.

आणखी एक गोष्ट या महिन्यांनी खाल्ली: 'ह्युंदाई येणार'. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर 2020 मध्ये थांबला होता. तो ह्युंदाई घेणार ही बातमी 2023 च्या मार्चमध्येच आली आणि सगळ्या औद्योगिक पट्ट्यात लोक वाट बघत बसले. बार्शीही. करार ऑगस्टमध्ये झाला; पण तिथून गाडी बाहेर पडायला आणखी दोन वर्षं गेली. मोठा कारखाना येतोय ही बातमी खरी असते, आपल्या हप्त्याच्या तारखेशी ती जुळत नाही एवढंच.

आणि माझी चूक. मी ओळखीच्या चौदा-पंधरा लोकांना फोन केले. सगळे ऑटोवाले. कुणी म्हणे बघतो, कुणी म्हणे आमच्याकडेच कमी करतायत. मी त्याच विहिरीत पोहरा सोडत होतो जी आटली म्हणून तो माझ्याकडे आला होता.

एका दिवसाचा कागद

जुलैच्या शेवटच्या रविवारी तो आला तेव्हा दाढी वाढलेली. मुलीनं बारावीनंतर कॉलेज नको, मीच कुठंतरी लागते म्हटलं होतं. मी विषय बदलायला म्हणून विचारलं, "फर्स्ट शिफ्टला आत गेल्यावर पहिलं काय करायचास?" तो सांगू लागला आणि पहिल्यांदा त्याचा आवाज मोकळा झाला. मी वही काढली आणि म्हटलं, थांब, घड्याळाप्रमाणे सांग.

सहा पन्नास: एअर गेज मास्टर रिंगवर शून्याला लावायचं. सात पाच: पहिला भाग तपासून सही, त्याशिवाय मशिन सुरू नाही. दर तासाला पाच भाग, वाचन तक्त्यावर. तक्ता एका बाजूला सरकायला लागला तर रिजेक्शन व्हायच्या आधी सेटरला सांगायचं. वाईट भाग लाल पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली याच्याकडे. लॉटच्या कार्डावर मटेरियलचा हीट नंबर म्हणजे धातूच्या ओताचा नंबर, उष्णताप्रक्रियेचा बॅच नंबर, मशिन, ऑपरेटर. दुपारी कॅलिब्रेशनची, म्हणजे मापाची उपकरणं अचूक आहेत का हे ठरावीक मुदतीनं तपासून घ्यायची यादी: विभागातली एकशे चाळीस उपकरणं, कुणाची तारीख संपतेय. ग्राहकाची तक्रार आली तर मूळ कारण शोधून उत्तर लिहायला मदत. ऑडिटर आला की लाइनवर उभं राहून उत्तरं द्यायची.

"ऑडिटरसमोर तू उभा राहायचास? इंजिनिअर नाही?"

"इंजिनिअर बदलायचे ना सर. कागद कुठं आहेत ते मला माहीत."

तो कागद पूर्ण झाल्यावर मी लाल पेननं एकच काम केलं. ज्या ज्या ओळीत डिझेल हा शब्द आल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, ती ओळ खोडायची. सव्वा पानातल्या दोन ओळी खोडल्या गेल्या.

चार महिने आम्ही दोघंही त्या दोन ओळी विकत होतो.

मग प्रश्न उरला: बारीक माप आणि प्रत्येक भागाची जन्मकुंडली, या दोन्ही गोष्टी लागतात असं दुसरं काय आहे? त्यानं विमानाचे भाग म्हटलं. मी घड्याळं म्हटलं. आतून सौ. म्हणाली, "आणि माझ्या गुडघ्यात घातलंय ते?"

स्क्रू

हाडं जोडायच्या प्लेटा आणि स्क्रू बनवणारे लहान-मध्यम कारखाने पुण्याच्या आसपासही आहेत. स्विस-टाइप लेथवर टायटॅनियमचा किंवा 316 एल स्टेनलेसचा स्क्रू कापतात. मशिन, टूल, कुलंट बहुतेक ओळखीचं. आणि 2023 साली वैद्यकीय उपकरणांच्या धंद्यावरही एक तारीख येऊन आदळत होती. मेडिकल डिव्हाइस रूल्स, 2017 खाली कमी जोखमीच्या म्हणजे अ आणि ब वर्गाच्या उपकरणांना 1 ऑक्टोबर 2022 पासून परवाना सक्तीचा झाला होता, आणि नव्यानं नियमाखाली आलेल्या क-ड वर्गाला 1 ऑक्टोबर 2023 पासून; हाडांच्या रोपणांना परवाना आधीपासूनच लागत होता. शरीरात कायमचं राहणारं रोपण साधारण क वर्गात येतं आणि त्याचा परवाना राज्याचं एफडीए देत नाही, केंद्राकडून घ्यावा लागतो. त्यासाठी नियमांच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे गुणवत्तेची सगळी व्यवस्था कागदावर दाखवावी लागते: कॅलिब्रेशन, बॅचच्या नोंदी, कच्च्या मालापासून रुग्णालयापर्यंतचा माग, तक्रारींची चौकशी. एका नियमानं याची नोकरी खाल्ली होती. दुसऱ्या नियमामुळे कुठंतरी कागद सांभाळणाऱ्या माणसांची धावपळ चालू होती.

मी पुन्हा फोन काढला. या वेळी विचारलं, "तुमच्या ओळखीत इम्प्लांटवालं कुणी आहे का?" चौथ्या फोनवर मिळालं. माझ्याच एका विद्यार्थ्याचा भाडेकरू, पस्तीस माणसांचा कारखाना, मालक स्वतः टूलरूममधून वर आलेला.

बायोडेटा नव्यानं लिहिला, एकच पान. पहिल्या ओळीत दोन-तीन मायक्रॉनच्या फिटचे भाग वीस वर्षं तपासले. दुसरीत एकशे चाळीस उपकरणांचं कॅलिब्रेशन सांभाळलं. तिसरीत ग्राहकांच्या आणि प्रमाणपत्र संस्थांच्या ऑडिटला लाइनवर उत्तरं दिली. चौथीत लॉटचा माग आणि नाकारलेल्या मालाचा ताबा. कंपनीचं नाव आणि हुद्दा त्याखाली, लहान अक्षरात. त्याला ते पटेना. "सर, कंपनीचं नाव मोठं आहे, ते वर पाहिजे." मी म्हटलं, त्या नावानं चार महिने काय दिलं ते सांग.

मुलाखत ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात झाली, तीही ऑफिसात नाही, तपासणीच्या टेबलाशी. मालकानं ट्रेमधला एक स्क्रू पुढं केला, साडेतीन मिलिमीटरचा, आणि म्हटलं, "तपासा." बार्शीनं तो उघड्या बोटांनी उचलला. शेजारी उभ्या असलेल्या क्यूए म्हणजे गुणवत्ता विभागाच्या मॅडम, वय सत्तावीस, जवळजवळ ओरडल्या: "ग्लोव्हज!" त्यानं दचकून स्क्रू खाली ठेवला. हे त्यानं मला स्वतः सांगितलं, हसत, पण तेव्हा घाम फुटला होता म्हणे.

ग्लोव्हज घालून त्यानं मायक्रोमीटर घेतला, उलटा करून बघितला आणि मापायच्या ऐवजी परत ठेवला. त्यावरच्या स्टिकरची तारीख जूनमध्येच संपली होती. "याच्यावर मी सही करणार नाही साहेब. दुसरा द्या. आणि ड्रॉइंग कुठंय? कुठला रिव्हिजन? बारचा हीट नंबर?"

मालक मॅडमकडे बघत राहिला. आधी आलेल्या तिघांनी सरळ व्यास मोजून आकडा सांगितला होता.

पुढचा अर्धा तास त्याला बरंच काही आलं नाही. पॅसिव्हेशन म्हणजे काय, माहीत नव्हतं. स्वच्छ खोलीतली हवा कशी मोजतात, माहीत नव्हतं. आयएसओ 13485 या वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता-मानकाचं नाव त्यानं आदल्या आठवड्यात माझ्याकडून ऐकलं होतं आणि तसं सांगून टाकलं. "ऑटोतलं 16949 येतं. हे शिकावं लागेल." इथं खोटं बोलला असता तर मॅडमनी दुसऱ्याच प्रश्नाला पकडलं असतं.

पगार मालकानं पंचवीस सांगितला. मी आधीच बजावलं होतं की जुना आकडा आपणहून काढू नकोस, कॅलिब्रेशन बाहेर करून घ्यायला आणि ऑडिटची तयारी करून द्यायला त्यांना कन्सल्टंट किती पडतो ते विचार. त्यानं ते विचारलं नाही, संकोच वाटला. म्हणाला, "हप्ता चौदा हजार दोनशे आहे साहेब." कुठल्याही पुस्तकात हे उत्तर चुकीचंच ठरेल. मालकानं तीन महिने अठ्ठावीस आणि मग तेहतीस केलं. टूलरूममधून वर आलेल्या माणसाला हप्ता म्हणजे काय ते माहीत असावं.

त्यानंतर

11 सप्टेंबर 2023 ला तो रुजू झाला. हुद्दा 'क्यूए असिस्टंट'. सीनिअर गेलं, असिस्टंट आलं. दिवाळीला गावाकडे गेल्यावर काय सांगायचं, हा त्याचा प्रश्न होता. कंपनीची बस गेली, आता दुचाकीवर जाऊन-येऊन चव्वेचाळीस किलोमीटर. पहिला महिना मॅडमनी त्याला फक्त फाइली लावायला दिल्या. खाडाखोड केलेल्या नोंदीवर पांढरी शाई लावली म्हणून सगळ्यांदेखत बोलल्या. एक रेघ मारायची, सही, तारीख, जुना आकडा दिसला पाहिजे. "वीस वर्षांत हे कुणी शिकवलं नाही का?" ती म्हणाली. खरं तर मी शिकवलं होतं, 1998 साली. त्या रविवारी तो माझ्यावरच चिडून आला.

नंतर गाडी रुळावर आली. परवान्याच्या तपासणीच्या वेळी कॅलिब्रेशन आणि मालाचा माग या दोन टेबलांवर तोच बसला. आता तेहतीसचे छत्तीस झालेत. जुने एकेचाळीस अजून दूर आहेत आणि ओटी नाही. मुलगी डिप्लोमाला गेली, मेकॅनिकल नको म्हणून हट्टानं दुसऱ्या शाखेला.

त्याच्याबरोबर सही केलेल्या पाचांपैकी दोघं मग माझ्याकडे आले. मी त्यांनाही घड्याळाप्रमाणे दिवस लिहायला लावला. एकाच्या कागदावर खोडण्यासारखं जवळजवळ सगळंच निघालं; तो एकाच मशिनवर एकच ऑपरेशन अठरा वर्षं करत होता. त्याला काय सांगावं हे मला त्या दिवशी सुचलं नाही. तो आता चाकणला ठेकेदाराकडे आहे.

चार लाख दहा हजारांचा विषय बार्शी काढत नाही. गेल्या संक्रांतीला त्यांच्या घरी गेलो होतो. तिळगूळ देता देता बाईंनी स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं, तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला ते कालनिर्णयचं पान चिकटवलेलं दिसलं. पेन्सिलीच्या दोन रेघांखाली नंतर कधीतरी निळ्या पेननं एक आकडा लिहिला होता: 2,87,000. चार लाख दहा वजा एक लाख तेवीस.